आमच्या पोराला खेळायला कुठं घालायचं? विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सोलापुरातल्या पालकांसाठी

पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये २०२४ साली भारतानं २९ पदकं मिळवली. त्यात गोळाफेकीचं रौप्य आणणारे सचिन खिलारी आपल्या सांगोल्याशेजारच्या आटपाडी तालुक्यातले. जलतरणपटू सुयश जाधव तर आपल्याच करमाळा तालुक्यातले. लहान असताना विजेचा धक्का बसला आणि दोन्ही हात कोपराखाली गेले. पुढं २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण मिळवलं, २०२० चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. अशी बातमी आली की फिजिओथेरपीच्या रांगेत बसलेल्या आया एकमेकींना विचारतात, "अगं, आपल्या पोरांना असलं कुठं शिकवतात गं?"

उत्तरं भरपूर मिळतात आणि बहुतेक भलतीकडेच नेतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या आईला कोणीतरी पॅरा स्पर्धेचा पत्ता देतं. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बापाला मतिमंद मुलांच्या शाळेत जायला सांगतात. दोन-तीन ठिकाणी "हे आमच्याकडं नाही" ऐकलं की माणूस कंटाळतो आणि 'सोलापुरात काहीच नाही' म्हणून विषय बंद होतो. सोयी कमी आहेत हे खरंच, पण चुकीच्या जागी विचारल्यामुळंही पुष्कळ मुलं घरात बसलेली आहेत.

दाखला एक, खेळाच्या व्यवस्था तीन

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यानं अक्षमतेचे २१ प्रकार मानले आहेत. आधीच्या कायद्यात फक्त सात होते. सरकारी रुग्णालयातून तपासणी होऊन जो दाखला आणि यूडीआयडी कार्ड मिळतं, त्यावर प्रकार आणि टक्केवारी लिहिलेली असते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. आपल्या डोक्यात त्यामुळं एकच चित्र बसतं: दिव्यांग म्हणजे एक गट, मग त्यांचा खेळही एकाच ठिकाणी असणार.

खेळाचं जग मात्र वेगळ्या रेषांनी वाटलं गेलं आहे.

पहिली व्यवस्था पॅरा खेळांची. हात-पाय नसणं, स्नायूंत ताकद नसणं, सेरेब्रल पाल्सीसारखा ताठरपणा किंवा तोल जाणं, बुटकेपणा, अंधत्व आणि अल्पदृष्टी, हे सगळे इथले. बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही पॅरालिंपिकमध्ये जागा आहे, पण धावणं-फेकणं, पोहणं आणि टेबल टेनिस एवढ्याच खेळांत. तेलंगणाच्या दीप्ती जीवनजीनं पॅरिसला ४०० मीटरचं कांस्य मिळवलं ते याच गटात. त्या गटाचं नाव टी-२०. क्रिकेटशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी व्यवस्था कर्णबधिरांची. ऐकू न येणं हा पॅरालिंपिकचा गटच नाही, आणि ही गोष्ट शिकल्या-सवरल्या लोकांनाही माहीत नसते. त्यांची डेफलिंपिक्स ही वेगळी स्पर्धा १९२४ पासून, म्हणजे पॅरालिंपिकच्या कितीतरी आधीपासून भरते. चांगल्या कानाचा ऐकू न येण्याचा दोष निदान ५५ डेसिबल असावा लागतो, आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. पैलवान वीरेंदर सिंग यांनी कुस्तीची सुवर्णं तिथूनच आणली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरी व्यवस्था स्पेशल ऑलिंपिक्स. १९६८ साली शिकागोत सुरू झालेली ही चळवळ बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे आणि डाऊन सिंड्रोमची बहुतेक मुलं इथं येतात. आपल्याकडं तिचं काम स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था बघते. बर्लिनच्या २०२३ च्या जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी २०२ पदकं मिळवली होती. पेपरात ती बातमी आतल्या पानावर आली असेल, म्हणून कोणाच्या लक्षात नाही.

अंधांचं क्रिकेट आणखी वेगळं. ते पॅरालिंपिकमध्ये नाही, त्याची संघटना स्वतंत्र आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या मुलींनी अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक जिंकला तो त्या संघटनेच्या वाटेनं. आत छर्रे असलेला, खडखड वाजणारा प्लॅस्टिकचा चेंडू खांद्याखालून टाकायचा आणि आवाजावर फटका मारायचा.

'दाखल्यावर ६० टक्के आहे, मग स्पर्धेत घेतलं का नाही?'

कारण दाखल्यावरची टक्केवारी सवलतीसाठी असते. पॅरा खेळात टक्के चालत नाहीत, तिथं वर्ग चालतो.

कुस्तीच्या फडात ५७ किलोच्या पोराला ९७ किलोच्या पैलवानापुढं कोणी उभं करत नाही. पॅरा खेळातले वर्ग त्याच कारणासाठी आहेत, फक्त तिथं वजनाच्या जागी शरीर त्या खेळातलं नेमकं काय करू शकतं हे मोजतात. डॉक्टर आणि खेळातले जाणकार मिळून तपासतात, स्नायूंची ताकद बघतात, खेळताना निरीक्षण करतात आणि मग वर्ग ठरवतात. म्हणून एकाच मुलाचा धावण्यातला आणि पोहण्यातला वर्ग निराळा असू शकतो. काही ठिकाणी किमान मर्यादाही आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असेल तर फरक निदान ७ सेंटीमीटरचा लागतो. पाच सेंटीमीटरवाला मुलगा लंगडतो, दाखलाही मिळवतो, पण त्या कारणावर पॅरा स्पर्धेत बसत नाही. हे आधी कळलं तर दोन वर्षांच्या सरावानंतरचा हिरमोड टळतो.

एवढी कडक तपासणी कशाला, असं पालक चिडून विचारतात. सिडनीला २००० साली बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघानं सुवर्ण जिंकलं आणि नंतर उघड झालं की त्यातल्या बहुतेकांना कसलीच अक्षमता नव्हती. त्या लबाडीची शिक्षा जगभरच्या खऱ्या खेळाडूंना झाली. लंडनच्या २०१२ च्या स्पर्धेपर्यंत तो गटच बंद होता.

'सगळ्यांनाच बक्षीस? मग तो खेळ कसला?'

स्पेशल ऑलिंपिक्सबद्दल हा टोमणा नेहमी ऐकू येतो, आणि तो अर्धवट माहितीतून येतो. तिथं आधी प्राथमिक फेरी होते. त्यातल्या वेळा बघून वय, मुलगा-मुलगी आणि क्षमता यांनुसार छोटे गट पाडतात. एका गटातल्या सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत हळू खेळाडूत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नसावं, असा प्रयत्न असतो. अंतिम शर्यत त्या गटात. पहिल्या तिघांना पदकं, बाकीच्यांना रिबन. म्हणजे १०० मीटरला ३० सेकंद घेणारी मुलगीही तिच्या बरोबरीच्या मुलींना हरवूनच जिंकते.

कोणी चलाखी करून प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू पळालं आणि अंतिम फेरीत सुसाट सुटलं, तर ते बाद होऊ शकतं. बाहेरून ओरडणाऱ्या पालकांना हा नियम सगळ्यांत जड जातो. आणि एक लक्षात ठेवा, खेळाडूकडून किंवा घरच्यांकडून भाग घेण्याची फी घ्यायची नाही, असा त्यांचा नियम आहे. 'स्पेशल नॅशनल'च्या नावाखाली कोणी हजारो रुपये मागत असेल तर पैसे देण्याआधी संस्थेची मान्यता तपासा.

स्पर्धेचं वय आठ वर्षांपासून सुरू होतं. त्याहून लहानांसाठी, दोन ते सात वर्षांच्या, धावणं-झेलणं-उडी अशा पायाभूत हालचालींचा वेगळा कार्यक्रम आहे.

तिन्हीकडं न बसणारी मुलं

यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याबद्दल बोलणारे कमी. ऑटिझम आहे पण बुद्धी चांगली आहे, असं मूल घ्या. पॅरालिंपिकमध्ये त्याला गट नाही, स्पेशल ऑलिंपिक्सच्या निकषात बसणं अवघड. वाचन-लेखनाची अक्षमता असलेलं मूल, हिमोफिलिया किंवा थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असलेलं मूल, सगळी कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत आणि खेळाच्या तिन्ही व्यवस्थांच्या बाहेर.

त्यांची जागा साधं मैदान हीच आहे. माझं तर म्हणणं असं की बाकीच्यांचीही पहिली जागा तीच. आंतरराष्ट्रीय गट वगैरे पुढच्या गोष्टी. आठ-दहा वर्षांच्या पोराला आधी रोज संध्याकाळी घामेघूम होऊन घरी यायला मिळायला हवं. पालक पदकाच्या बातमीकडं बघून सुरुवात करतात आणि मग शेजारच्या गल्लीतलं मैदान डोळ्यांपुढं असून दिसत नाही.

मैदानावर काय बदलायचं

फार काही नाही. दिसत नसलेल्या मुलासाठी साध्या फुटबॉलला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली की तो सरसर वाजत येतो. पळायचं असेल तर टॉवेलची वीतभर चिंधी (टॉवेलला सोलापुरात तोटा नाही) एक टोक त्याच्या हातात, दुसरं बरोबर पळणाऱ्याच्या. अट एकच: डोळस मुलानं ओढायचं नाही, बरोबरीनं पळायचं. मैदानाची रेघ पायाला कळावी म्हणून जमिनीवर सुतळी टाकून वरून चिकटपट्टी मारतात. गोलबॉल हा अंधांचा खेळ अशाच रेघांवर चालतो, आणि त्याचं मैदान व्हॉलीबॉलएवढं, १८ बाय ९ मीटर, म्हणजे बऱ्याच शाळांत तयारच असतं. डोळ्यांवर पट्टी बांधली की डोळस मुलंही त्यात बरोबरीनं खेळतात, आणि पहिल्या दिवशी सपाटून हरतात.

व्हीलचेअरवरच्या, हातांवर नीट ताबा नसलेल्या मुलांसाठी बोचा आहे. एक पांढरा चेंडू पुढं टाकायचा; सहा लाल आणि सहा निळे चेंडू, ज्याचा पांढऱ्याच्या जास्त जवळ त्याला गुण. हातानं टाकता येत नसेल तर पायानं ढकला, तेही जमत नसेल तर उतरत्या पन्हाळीवरून सोडा. चांगले चेंडू महाग पडतात. घरी करायचे तर जुन्या मोज्यात ज्वारी भरा, तोंड घट्ट शिवा, वजन पाव किलोहून किंचित जास्त ठेवा; खरा चेंडू २७५ ग्रॅमचा असतो. मोजे दोन रंगांचे घेतले की काम झालं. दर पावसाळ्यात ज्वारी बदला, नाहीतर धान्यातला किडा चेंडूतून बाहेर येऊन स्वयंपाकघरात फिरेल.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवायचा, बस. खरं तर साध्या अकादमीत सगळ्यांत सहज सामावणारं मूल हेच. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) केलेलं असेल तर मात्र डोक्याला मार बसणारे खेळ, म्हणजे कुस्ती किंवा बॉक्सिंग, टाळायचे.

बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझममध्ये साहित्यापेक्षा बोलणं बदलावं लागतं. एका वेळी एकच सूचना, आणि ती करून दाखवायची. रोज तोच क्रम. आपल्या गावात यात एक खास भानगड आहे. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू चालतं. पोराला घरी 'रा' आणि 'आगु' कळतं, मैदानावर सर 'ये' आणि 'थांब' ओरडतात, आणि 'ऐकतच नाही' असा शेरा बसतो. अक्कलकोटकडच्या घरात तेच 'बा' आणि 'निल्लु' असतं. सरांना असे चार शब्द कागदावर लिहून दिले की पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो.

'त्याला काही झालं तर?'

भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर घरात बसवणं नाही. नेमकं काय टाळायचं ते माहीत करून घेणं हे आहे.

डाऊन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. कोलांटउडी, सूर मारणं, बटरफ्लाय, उंच उडी यांआधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्या. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, त्यामुळं तीही तपासणी झालेली असावी. फिट येणाऱ्या मुलानं पोहायला हरकत नाही, मात्र पाण्यात त्याच्यावर एकट्यावर नजर ठेवणारा माणूस हवा. तलावावरच्या पन्नास पोरांवर लक्ष ठेवणारा जीवरक्षक यासाठी पुरेसा नाही. ऑटिझमच्या मुलांना पाण्याची ओढ असते आणि बुडण्याचा धोकाही जास्त, म्हणून मी म्हणेन त्यांना पोहणं आधी शिकवा. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याच्या आजारात, जोर काढणारे व्यायाम स्नायूंना इजा करतात. तिथं हलकं पोहणं ठीक, तेही विचारून. सेरेब्रल पाल्सीच्या मुलानं व्यायाम केला की ताठरपणा वाढतो, अशी जुनी समजूत होती. ती आता मागं पडली आहे.

राहिलं आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच सगळी उन्हाळी शिबिरं असतात! फिट्सच्या काही औषधांनी घाम कमी येतो, मणक्याला वर इजा झालेल्यांना घामच नीट येत नाही, सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं तर वेदनांचा झटका येऊ शकतो. सकाळी आठच्या आत खेळ संपवायचा, पाणी मागण्याची वाट न बघता द्यायचं. पायांत संवेदना नसलेलं मूल तापलेल्या फरशीवर किंवा लोखंडी बाकावर बसलं तर भाजलेलं त्याला कळणारही नाही, हे सरांना स्पष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला आपण लाजतो. बोलता न येणाऱ्या मुलाशी कोणी वाईट वागलं तर ते घरी सांगू शकत नाही. त्यामुळं सराव उघड्यावर, इतरांच्या नजरेत. कपडे बदलताना, संडासला नेताना घरचं माणूस. मुलींसाठी बाई हवीच. चांगला प्रशिक्षक या अटींना हरकत घेत नाही. जो घेतो, त्याच्याकडं पोर ठेवू नका.

सोलापुरात विचारायचं कुठं

मूल साध्या शाळेत असलं तरी जवळच्या विशेष शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आधी भेटा. कोणत्या स्पर्धा खरंच होतात, कोणत्या कागदावरच आहेत, हे त्यांना पाठ असतं. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास जिल्हा पातळीवर विशेष शाळांच्या स्पर्धा होतात. त्या नुसत्या बघायला गेलात तरी तासाभरात दहा ओळखी होतात.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन 'काही योजना आहे का' असं विचारू नका. पॅरा, कर्णबधिर आणि स्पेशल ऑलिंपिक्स यांचं जिल्ह्यात किंवा राज्यात काम कोण बघतं, असं तिन्ही नावं घेऊन विचारा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात सराव करायचा असेल तर रॅम्प आणि संडास आधी स्वतः बघून या. तालुक्याच्या गावी गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. खेड्यातल्या पालकाला त्यांचाच आधार.

साहित्यासाठी पैशाची एक वाट फारशी वापरली जात नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बोचाचा संच, वाजणारे चेंडू, मैदानापर्यंत रॅम्प, अशी नेमकी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. चार-पाच पालकांनी मिळून दिली तर ती फाईलखाली जाणं जरा अवघड होतं. बाहेरगावच्या स्पर्धेला एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.

'आमच्याकडं अशी मुलं घेत नाही'

हे वाक्य कोण म्हणतंय यावर पुढचं ठरतं. शाळा म्हणत असेल तर २०१६ च्या कायद्याचं कलम १६ दाखवा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि खेळाची, करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची, असं त्यात लिहिलं आहे. पीटीच्या तासाला सगळा वर्ग मैदानावर आणि एक पोर झाडाखाली दप्तरं राखत बसलेलं, हे दृश्य कितीतरी शाळांत दिसतं. बाईंच्या मनात वाईट नसतं, 'पडला बिडला तर' ही धास्ती असते. म्हणून तक्रारीआधी मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या, त्यात काय चालेल हेही लिहून घ्या. एरवी डॉक्टर फक्त काय चालणार नाही तेवढंच लिहितात. त्यानंही हललं नाही तर शिक्षणाधिकारी, आणि पुढं पुण्यातले दिव्यांग आयुक्त.

खासगी अकादमीला हे कलम लागू होत नाही. तिथं बोलण्यानंच काम होतं. "सर, माझा मुलगा स्पेशल आहे, घ्या ना" म्हटलं की सर घाबरतात. त्यापेक्षा असं बोला: "सर, ह्याला एका वेळी एकच गोष्ट सांगा. शिट्टीचा आवाज सहन होत नाही, हात वर करा, तो थांबतो. पंधरा दिवस मी इथंच बसते. नाही जमलं तर तुम्ही सांगा, आम्ही जाऊ." ह्याला नाही म्हणणारे सर कमी असतात.

'आता सतरा वर्षांचा झाला, वय गेलं'

स्पेशल ऑलिंपिक्सला वरची वयोमर्यादा नाही, चाळिशीतले खेळाडूही असतात. पॅरा गोळाफेकीत तिशी ओलांडलेले पदकं घेतात. पॅरिसला गेले तेव्हा खिलारीही तिशी पार केलेले होते. सतराव्या वर्षी जे खरंच हातातून निसटतं ते शाळेमार्फत होणाऱ्या स्पर्धांचं दार, म्हणून अजून शाळेत असलेल्यांनी या जूनपासूनच धावपळ करावी. यूडीआयडी कार्ड, आधार, जन्मदाखला, बौद्धिक अक्षमता असेल तर मानसतज्ज्ञाचा अहवाल, कानाचा दोष असेल तर ऑडिओग्राम, सहा फोटो, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. जिल्ह्याच्या स्पर्धेची सूचना बऱ्याचदा चार दिवस आधी येते आणि तेव्हा सिव्हिलच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो.